जॅकल आणि आमची जनरल बॉडी

हेरकथा ही एकट्यानं, रात्री, घरातले झोपल्यावर वाचायची चीज आहे. ती रविवारी सकाळी साडेदहाला, सोसायटीच्या हॉलमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून, हातात उपम्याच्या बशा घेऊन चर्चेला घेतली, की मारेकऱ्यालाही आपण या धंद्यात उगाच पडलो असं वाटायला लागेल. आमच्या वाचनमंडळानं या खेपेला फ्रेडरिक फोर्साइथची ‘द डे ऑफ द जॅकल’ घेतली होती. आधीच्या बैठका एक ललित लेखसंग्रह, एक युरोपचं प्रवासवर्णन आणि एका सभासदानं स्वखर्चानं छापलेला कवितासंग्रह यांत गेल्या होत्या. ‘आता जरा ज्यात काही घडतं असं पुस्तक घ्या’ ही मागणी त्यामुळेच पुढे आली होती. कवी त्या दिवशी गैरहजर होते.

विषय गुप्त कारवायांचा असल्यानं सभासदांची खरी नावं देत नाही. शिवाय मला याच सोसायटीत राहायचं आहे. तेव्हा सांकेतिक नावं अशी: निवृत्त बँक अधिकारी म्हणजे ‘पासबुक’. चहाचं खातं ज्यांच्याकडे आहे, आणि म्हणून चर्चा कधी आटोपायची हे ज्या ठरवतात, त्या काकू ‘थर्मास’. बारा महिने गळ्यात मफलर आणि तोंडात शिवकाळ असलेले काका ‘मफलर’. पुस्तक न वाचता त्याच्यावरचं जे काही पडद्यावर आलं असेल ते पाहून येणारा आयटीतला मुलगा ‘ट्रेलर’. आणि सोसायटीचे सेक्रेटरी, जे मंडळाचे आपोआप अध्यक्ष होतात आणि ज्यांना कुणाचा तरी सत्कार केल्याशिवाय जेवण जात नाही, ते ‘श्रीफळ’.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही (म्हणजे आमचे निम्मे सभासद) त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. १९६२ साली अल्जीरिया स्वतंत्र झाला. ‘अल्जीरिया फ्रान्सचाच’ म्हणणाऱ्या लष्करातल्या कडव्या लोकांना हा राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांनी केलेला विश्वासघात वाटला. त्यांची ओएएस नावाची गुप्त संघटना होती. २२ ऑगस्ट १९६२ ला पॅरिसजवळ पेती-क्लामार इथे द गॉल यांच्या गाडीवर शंभरावर गोळ्या झाडल्या गेल्या. गाडीची चाळण झाली, टायर फुटले, आणि आतल्या नवराबायकोला साधा ओरखडाही आला नाही. कटाचा म्होरक्या, हवाई दलातला लेफ्टनंट कर्नल बास्तियाँ-तिरी, याला मार्च १९६३ मध्ये गोळ्या घालून देहदंड दिला. इथवर इतिहास झाला. पुढे कादंबरी म्हणते की, आपला प्रत्येक माणूस पोलिसांच्या नोंदीत आहे हे कळल्यावर संघटनेनं बाहेरचा भाडोत्री मारेकरी आणला. हा इंग्रज. नाव सांगत नाही. दर पाच लाख डॉलर, निम्मे आगाऊ.

“थांबा,” पासबुक म्हणाले. “निम्मे आगाऊ ठीक आहे. पण काम झालं नाही तर रक्कम परत मिळण्याची अट कुठाय?”

त्यांनी पुस्तकात पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. द गॉल यांच्या जिवाशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता तो संघटना हे पैसे उभे करण्यासाठी फ्रान्सभर बँका लुटते त्या पानांत. “लेखक सरळ लिहून मोकळा होतो, अमकी बँक लुटली, तमकी लुटली. अहो, पण त्या शाखेच्या मॅनेजरचं काय झालं? त्याची चौकशी लागली असेल. इन्क्रिमेंट थांबलं असेल. त्याच्यावर एक ओळ नाही!” क्षणभर हॉलमध्ये त्या अज्ञात फ्रेंच मॅनेजरबद्दल हळहळ पसरली. पैसे स्विस बँकेत केवायसीशिवाय जमा होतात, यावर मात्र त्यांनी नुसते डोळे मिटले.

थर्मास काकूंना पेती-क्लामार जास्त आवडलं. त्या प्रसंगाची एक गोष्ट सांगितली जाते, ती त्यांनी कुठूनशी मिळवली होती. गोळीबारातून गाडी निसटली, विमानतळावर पोचली, तर म्हणे बाईसाहेबांनी पहिली चौकशी डिकीत ठेवलेल्या कोंबड्यांची केली. दुसऱ्या दिवशी घरी जेवायला माणसं यायची होती. “याला म्हणतात संसार,” काकू म्हणाल्या. “ह्यांचं राजकारण होतं हो, पण पाहुण्यांना वाढायचं कुणी?”

ट्रेलरनं हात वर केला. “पण जॅकलची स्पेनमधली बायको मला फार इंटरेस्टिंग वाटली.”

सगळ्यांनी भराभरा पानं उलटली. “बायको? कितव्या पानावर?” काकूंचा आवाज चढला, कारण पुस्तकात जॅकल एका उमराव बाईच्या हवेलीत जे काही करतो ते त्यांनी वाचलं होतं आणि तो विवाहित असेल तर प्रकरण वेगळं होणार होतं. चौकशीअंती कळलं की ट्रेलरनं २०२४ ची वेब मालिका पाहिली होती. तीत नाव तेच, पण काळ आजचा, शिकार वेगळी, आणि द गॉल औषधालाही नाहीत. १९७३ चा फ्रेड झिनेमनचा चित्रपट पाहिला असता तर निदान पुस्तकाच्या गावाला तरी पोचला असता. “मग मी बोलू का नको?” त्यानं विचारलं. श्रीफळांनी निर्णय दिला की वर्गणी भरली असल्यामुळे बोलता येईल.

खरा प्रश्न मग मीच टाकला. द गॉल या कटात मरत नाहीत हे जगाला माहीत आहे. मग पुस्तकात उत्कंठा कसली? फोर्साइथनं १९७० च्या सुरुवातीला पस्तीस दिवसांत हे लिहिलं तेव्हा प्रकाशकांनीही हेच विचारलं होतं. तेव्हा द गॉल जिवंत होते. मेलेला माणूस वाचवून दाखवता येत नाही, आणि जिवंत माणसाला मारण्याचा फसलेला बेत कोण विकत घेणार? एकामागून एक हस्तलिखित परत आलं. अखेर १९७१ मध्ये ते छापलं गेलं, तोवर द गॉल आपल्या घरी शांतपणे वारले होते. १९७२ मध्ये पुस्तकाला अमेरिकेतल्या रहस्यकथाकारांचा एडगर पुरस्कार मिळाला.

“हा प्रश्नच इंग्रजी आहे,” मफलर म्हणाले. “आपल्याकडे कीर्तनाला बसलेला माणूस रावण मरतो की वाचतो म्हणून बसलेला असतो का? मरतो कसा ते ऐकायचं असतं.” सबंध सकाळीतलं हे एकमेव शहाणं वाक्य होतं. पण मफलर एका शहाण्या वाक्यावर थांबत नाहीत. “आणि वेषांतराचं काय कौतुक सांगता? बहिर्जी नाइकांनी सुरतेची खडान्‌खडा माहिती काढली ती १६६४ ची स्वारी. आग्र्याहून सुटका ऑगस्ट १६६६. तुमच्या जॅकलचा मुहूर्त कुठला? ऑगस्टच! पलंगावर हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन निजले होते की नाही?”

“हो, पण त्यांना पासपोर्ट कुठं काढावा लागला?” काकूंनी विचारलं, आणि चर्चा एकदम रंगात आली.

कारण ही कादंबरी वरून बंदुकीची दिसते, पण आतून सगळी कागदांची आहे. जॅकल पिस्तूल घेऊन धावत सुटत नाही. आधी तो लंडनला वाचनालयात बसतो आणि द गॉल यांच्यावर छापलेलं सगळं वाचून काढतो. वर्षातला असा कोणता दिवस आहे की त्या दिवशी हा माणूस आजार, धोका, पाऊस काही न बघता लोकांसमोर उभा राहणारच, एवढं त्याला शोधायचं असतं. मग तो गावोगावची दफनभूमी हिंडतो. आपल्या वयाचा झाला असता असा, बालपणीच गेलेला डुग्गन नावाचा एक मुलगा त्याला एका थडग्यावर सापडतो. त्याच्या जन्माचा दाखला तो रीतसर मिळवतो, त्यावर अर्ज भरतो आणि त्या मुलाच्या नावाचा अस्सल ब्रिटिश पासपोर्ट त्याच्या पदरात पडतो.

“अस्सल पासपोर्ट,” पासबुक पुटपुटले. “एकदाही ‘साहेब जागेवर नाहीत’ नाही. ‘झेरॉक्स आणा’ नाही. नावाच्या स्पेलिंगमध्ये घोळ नाही.” हॉलमधल्या प्रत्येकाला आपला कुठला ना कुठला दाखला आठवला. कुणाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आडनावाच्या जागी होतं, कुणाची जन्मतारीख रेशनकार्डावर एक आणि पॅनवर एक. कथेतला सर्वांत अविश्वसनीय प्रसंग म्हणून ही पासपोर्टची पानं एकमतानं मंजूर झाली. मी सांगून पाहिलं की हीच पानं सर्वांत खरी आहेत. ती पळवाट ब्रिटनमध्ये खरोखर होती, पुस्तक जगभर वाचलं गेल्यावरही कित्येक वर्षं उघडी राहिली, आणि त्या फसवणुकीला तिकडे या कादंबरीच्याच नावानं ओळखू लागले. कुणी ऐकलं नाही. दफनभूमीपर्यंत ठीक, पण सरकारी खिडकीवर एका फेरीत काम होतं हे मानायला आमचे सभासद तयार नव्हते.

“तो इकडे आला असता तर त्याला पोलीस लागलेच नसते,” काकू म्हणाल्या. “समोरच्या बिऱ्हाडातल्यांनी दार उघडून विचारलं असतं, ‘नवीन का? मूळचे कुठले?’”

आणि मग सगळ्यांनी मिळून जॅकलला आमच्या जिन्यात पकडला. डुग्गन असं नाव सांगितलंस? म्हणजे कुठले डुग्गन? बँकेत होते त्यांच्यापैकी का? नाही? मग आजोळ कुठलं? लग्न झालंय का? नाही म्हणतोस, मग आमच्या माहितीत एक मुलगी आहे. पत्रिका असेलच. बनावट पासपोर्ट करता येतो, बनावट चुलत मावशी उभी करता येत नाही. पाचव्या मिनिटाला तो खरं नाव सांगून मोकळा झाला असता, किंवा साखरपुडा तरी. आपल्याकडे मोठे हेर का झाले नाहीत याचं कारण कुणी शोधत असेल तर त्यानं आमच्या जिन्यात बसावं.

आर्देनच्या जंगलातल्या प्रसंगावर काकूंनी हरकत नोंदवली. तिथे जॅकल नवी बंदूक पारखून घेतो. बाजारातून खरबूज आणतो, त्यावर रंगानं माणसाचा चेहरा काढतो, जाळीच्या पिशवीत घालून झाडाला टांगतो, दूर जाऊन एकेक गोळी झाडतो आणि दर वेळी दुर्बिणीचा स्क्रू किंचित फिरवतो. नेम बरोबर बसला की शेवटी पारा भरलेली स्फोटक गोळी. खरबुजाच्या चिंधड्या उडतात. फार बारकाईनं लिहिलेली पानं आहेत. स्क्रू किती फिरला तेही आपल्या बोटांना कळतं. “दुधी चालला असता की,” काकू म्हणाल्या. “माणसाच्या डोक्याएवढा मिळतो. आणि कुणाला आवडतही नाही.”

जॅकलच्या मागावर असतो क्लोद लबेल. बुटका, शांत, कुणाच्या लक्षात राहणार नाही असा पोलीस अधिकारी. घरी बायकोपुढे त्याचं काही चालत नाही. त्याच्याकडे ना वेगवान गाडी, ना उंची सूट. एक सहायक, एक टेलिफोन आणि काळी कॉफी. फ्रान्समध्ये प्रत्येक हॉटेलात उतरणाऱ्याला नोंदीचं कार्ड भरावं लागे आणि ती कार्डं पोलिसांकडे जात. लबेलची माणसं ती कार्डं रात्र रात्र बसून चाळतात. बंदूकवाला कागद रचतो आणि कारकून कागद उलगडतो, एवढीच ही लढाई. पासबुक या पानांवर भारावले होते. “माणूस व्हाउचर तपासतोय हो!” ते म्हणाले. लबेलच्या रूपानं आपल्या छत्तीस वर्षांच्या नोकरीचं कुणीतरी चीज केलं असं त्यांना वाटत असावं.

मग आला तो भाग, ज्यामुळे बैठकीला गालबोट लागलं. लबेलला रोज रात्री गृहमंत्र्यांकडे एका अतिगुप्त समितीपुढे अहवाल द्यावा लागतो. समितीत सगळे बडे लोक. आणि रोज रात्री ठरलेली गोष्ट सकाळपर्यंत जॅकलला कळलेली असते, तो एक पाऊल पुढेच. कारण समितीतला एक कर्नल घरी जाऊन आपल्या मैत्रिणीला सगळं सांगत असतो, आणि मैत्रीण संघटनेची. लबेल एके रात्री टेपच लावून त्याचं बिंग फोडतो. कुणाचा फोन ऐकायचा हे तुला कळलं कसं, असं विचारल्यावर तो शांतपणे सांगतो की कळलं नव्हतं, म्हणून त्यानं सगळ्यांचेच ऐकले.

हॉलमध्ये शांतता पसरली. मागच्या वर्षी कमिटीनं रंगकामाचं कंत्राट बंद दाराआड ठरवलं होतं आणि ते इतिवृत्तात येण्याआधी वॉचमनला ठाऊक होतं. त्याचा छडा अजून लागलेला नाही. प्रत्येकानं प्रत्येकाकडे पाहिलं. श्रीफळांनी टेबलावरचा मोबाइल उचलून खिशात टाकला आणि “हे उपविधींत बसत नाही” असं जाहीर केलं. कुणी विचारलं नसताना त्यांच्या शेजारचे खजिनदार म्हणाले, “मी त्या दिवशी गावाला होतो.” काकूंनी प्रसंग ओळखून चहा फिरवला.

शेवट श्रीफळांच्या आवडीचा निघाला. दिवस २५ ऑगस्ट १९६३, पॅरिसच्या मुक्तीचा वर्धापनदिन. मोंपार्नास स्टेशनसमोरच्या चौकात द गॉल जुन्या सैनिकांना पदकं देत आहेत. जॅकल एका पायाच्या म्हाताऱ्या सैनिकाच्या सोंगात, कुबडीत बंदुकीचे भाग लपवून, वरच्या मजल्यावर पोचलेला आहे. त्यानं पाय दुमडून बांधलेला आहे, चेहरा आजारी दिसावा म्हणून काडतुसातली दारू खाल्लेली आहे. नेम धरतो, चाप ओढतो. त्याच क्षणी सहा फुटांहून कितीतरी उंच असे द गॉल समोरच्या बुटक्या सैनिकाच्या गालांचं चुंबन घ्यायला खाली वाकतात. गोळी डोक्यामागून निघून जाते. या इंग्रजानं वाचनालयात बसून सगळं वाचलं, पण फ्रेंच माणूस पदक देऊन झाल्यावर काय करतो हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही. दुसरी गोळी भरेपर्यंत लबेल दारात हजर.

“सत्कार!” श्रीफळ उभे राहिले. “सत्कारानं प्राण वाचले! आणि तुम्ही म्हणता मी वेळ खातो.”

“पण अध्यक्षसाहेब,” पासबुकांनी हळूच टाचणी लावली, “आपल्याकडे वाकतो तो सत्कारमूर्ती. मंत्री ताठ उभे असतात, एक हात शालीवर आणि तोंड फोटोग्राफरकडे. गोळी बरोबर लागली असती.”

श्रीफळ मटकन बसले. त्यांना सावरलं ते ट्रेलरनं. हा मुलगा अधूनमधून चमकतो. तो म्हणाला, “काका, पण आपल्याकडे कार्यक्रम वेळेवर सुरू झाला असता का?” सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दृश्य उभं राहिलं. अकराचा कार्यक्रम. जॅकल पावणेअकराला खिडकीत. साडेअकराला निवेदक सांगतो, साहेब निघालेत. बाराला स्वागतगीत. साडेबाराला स्थानिक नगरसेवकांचं मनोगत. बांधलेल्या पायाला मुंग्या, पोटात काडतुसाची दारू, घशात आंबट. दीडला दीपप्रज्वलन, आणि मेणबत्ती वाऱ्यानं विझते. दोन वाजता जॅकल कुबडी सोडून लंगडत खाली उतरतो आणि समोरच्या टपरीवर सोडा मागतो. आपल्या पुढाऱ्यांची खरी सुरक्षाव्यवस्था कोणती, ते आम्हाला त्या दिवशी उमगलं.

जाता जाता दोन गोष्टी सांगितल्या, त्यातली पहिली सर्वांना पटली. फोर्साइथनं २०१५ मध्ये आत्मचरित्राच्या वेळी कबूल केलं की आपण अनेक वर्षं ब्रिटिश गुप्तहेर खात्याची कामं करत होतो. मफलरांना नवल वाटलं नाही. झुंजार आणि काळा पहाड यांना जन्म देणारे, हजारावर रहस्यकथा लिहिणारे आपले बाबूराव अर्णाळकर हेसुद्धा खरे चंद्रकांत सखाराम चव्हाण होते, हे त्यांनी लगेच जोडून दिलं.

दुसरी गोष्ट कार्लोसची. इलिच रामिरेझ सांचेझ या दहशतवाद्याला ‘कार्लोस द जॅकल’ हे नाव पडलं, कारण १९७५ मध्ये लंडनच्या एका घरात त्याच्या सामानाजवळ या कादंबरीची प्रत पत्रकाराला दिसली. ती प्रत त्याची नव्हतीच, त्या घरातल्या दुसऱ्याच कुणाची होती. उभ्या जगात माणसाचं नाव झालं ते दुसऱ्याच्या पुस्तकावरून. हे ऐकून सभासद का खाली बघू लागले ते मला ठाऊक आहे, कारण मंडळाच्या कपाटातून गेलेली निम्मी पुस्तकं त्यांच्याच घरी आहेत.

मंडळाचा अभिप्राय इतिवृत्तात नोंदला तो असा: पुस्तक उत्तम आहे, सर्वांनी वाचावं, वाचलेल्यांनी पुन्हा वाचावं. गुपित राखायचं असेल तर समिती नेमू नये, समिती नेमायची असेल तर गुपिताची आशा धरू नये; हा नियम फ्रान्सच्या गृहमंत्रालयाला आणि आमच्या सोसायटीला सारखाच लागू आहे. आणि मारेकऱ्यापेक्षा कार्ड तपासणारा कारकून मोठा, हा पासबुकांचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

एक विनंती सर्व वाचकांना. मंडळाच्या मालकीची ‘जॅकल’ची प्रत त्या बैठकीनंतर दिसलेली नाही. ज्यांनी नेली असेल त्यांनी ती खजिनदारांकडे आणून द्यावी, नाव विचारलं जाणार नाही. मात्र कुणी नेली हे कळलेलं नसल्यामुळे मंडळानं सगळ्यांच्याच घरी चहाला जायचं ठरवलं आहे.